घोंगडीआडचा दरबार

“बोला, बोला! दरबार खुला आहे. कुणाचा विरोध असेल तर बेधडक बोला!” गिरिसेन महाराजांनी सिंहासनावरून फर्मावले. लगोलग सरदार भुजंगरावाचे दांडगे काठ्या आपटत लोकांच्या पाठीशी येऊन उभे राहिले.

आता बोलणार कोण? मागच्या खुल्या दरबारात एक विणकर नुसते “पण महाराज...” म्हणाला होता. त्याचा मोडलेला पाय अजून फळ्यांत बांधलेला होता. एवढे झाले की प्रधानजी उठत आणि भरपूर चर्चेअंती एकमत झाल्याचे जाहीर करत. काय ती चर्चा आणि काय ते एकमत! महाराजांना मात्र खरोखरच वाटे की आपल्या बोलण्यात खोट काढण्यासारखे काही नसतेच.

त्या दिवशी बेत असा होता, की नगराच्या पिण्याच्या पाण्याचा पाट वळवून हत्तींच्या डुंबायच्या तळ्यात सोडायचा. सगळे माना डोलवत होते. एकटा गुरांच्या बाजारातला दलाल सटवाजी उभा राहिला. “म्हाराज, माणसं घोटभर पाण्याला म्हाग आन् हत्ती डुंबायला? ह्ये चूक हाय!”

पुढचे वाक्य त्याच्या तोंडातच राहिले. काठ्या बरसल्या.

सटवाजीची मुलगी हौसा बापासाठी भाकरी घेऊन आली, तेव्हा तो खांबाला बांधलेला होता. डोके फुटले होते, ओठ सुजले होते.  तेवढ्यात भुजंगराव ओरडला, “सरकार, याची जीभच छाटतो. पुन्हा वटवट नको!”

“थांबा!” हौसा गर्दीतून पुढे घुसली. “माझ्या बाचा गुन्हा काय?”

“गुन्हा?” महाराज हसले. “अगं पोरी, तुझा बाप खोटारडा आहे. माझ्या निर्णयाला चूक म्हणतो. एवढ्या दरबारात त्याच्या मताचा एक तरी माणूस आहे का? सूर्य मावळायच्या आत असा एक माणूस दाखव. बाप सुटला! नाही दाखवलास तर जीभ गेली!”

हौसाने दरबारावर नजर फिरवली. शास्त्रीबुवा पगडी सारखी करू लागले. सावकार छताकडे पाहू लागले. सगळे तिला ओळखत होते. कालच या बेताची कुणकुण लागून पाटावर त्यांच्या घरच्या बायका कडाकडा बोटे मोडत होत्या! आता एकाचेही तोंड उघडेना. हौसाला त्यांची कीव आली नाही, संताप आला. पण संतापून बाप सुटणार नव्हता.

“म्हाराज, येक इचारू? तुमी बाजारात घोडं घेता, तवा भाव कसा ठरवता?”

“सगळे ठरवतात तसाच! रुमालाखाली हात घालायचा आणि बोटे दाबून भाव सांगायचा. चारचौघांसमोर खरा भाव कोण सांगतो?”

“मंग? घोड्याचा खरा भाव चारचौघांसमोर निघत न्हाई, आन् मनातलं काठीसमोर निघंल व्हय? तसंच आडोशानं इचारून बघा की!”

महाराजांच्या भुवया चढल्या. पण आव्हान आवडले त्यांना! शिवाय निकालाची चिंता कशाला? एकमत तर ठरलेलेच होते!

हौसाने दरबारात एक मोठी घोंगडी आडवी बांधली. अलीकडे महाराज बसले आणि त्यांनी घोंगडीखालून हात पलीकडे सारला. “येकेकानं पलीकडनं जायचं,” हौसा म्हणाली. “म्हाराजांचं बरोबर वाटलं तर त्यांचं येक बोट दाबायचं. माझ्या बाचं बरोबर वाटलं तर अख्खा पंजा. कोण कवा गेलं, म्हाराजांना दिसायचं न्हाई, आन् कुणी काय दाबलं, ते दुसऱ्या कुणाला दिसायचं न्हाई. काठीवाल्यांनीबी जायचं!”

“आम्ही कशाला?” भुजंगराव गुरकावला.

“का? म्हाराजांच्या बाजूनं दोन मतं वाढली, तर वंगाळ हाय का?”

“बरोबर आहे! सगळ्यांनी जायचे!” महाराजांनी हुकूम सोडला.

पहिला हात आला. अख्खा पंजा! महाराज दचकले. असेल एखादा वेडा! दुसरा हात मऊ, अंगठ्यांनी भरलेला. पंजा! मग खरखरीत, घामेजलेले हात आले. पंजा, पंजा, पंजा! एकाने तर इतका जोर लावला की महाराजांची बोटे कळवळली. रांग संपली. एक बोट काही कुणी दाबले नाही.

महाराजांनी घोंगडी ओढून फाडली. चेहरा लालबुंद! “गद्दार! सगळेच्या सगळे गद्दार! भुजंगराव, तोडा यांचे हात! एकूणएक तोडा!”

 सटवाजीने डोळे मिटून घेतले. हौसाचा आवाज मात्र ठणठणीत निघाला.

“तोडा की, म्हाराज! पण तोडणार कुणाच्या हातानं?”

महाराजांनी वळून पाहिले. दांडग्यांच्या काठ्या भिंतीला टेकवलेल्या होत्या आणि ते हात बगलेत दाबून उभे होते. खुद्द भुजंगरावाचे दोन्ही हात पाठीमागे!

“भुजंगराव! तुझासुद्धा पंजाच?”

“सरकार...” त्या धिप्पाड माणसाचा आवाज अगदी बारीक झाला. “पाट बंद झाला तर पाणी आणायला मलाच नदीवर धाडीन म्हणते बायको!”

 महाराजांचे पोट हलले, खांदे हलले आणि ते खो खो हसत सुटले. “म्हणजे इतके दिवस मी एकटाच माझ्याशी सहमत होतो तर!”

सटवाजीच्या दोऱ्या महाराजांनी स्वतः सोडल्या. पाट जिथल्या तिथे राहिला. विणकराच्या औषधपाण्याचा खर्च भुजंगरावावर बसला. मग महाराजांनी गळ्यातला कंठा काढून हौसाच्या हातावर ठेवला. “आणखी काय हवे, पोरी?”

“ह्या काठ्या द्या, म्हाराज. बाजारात बैल बांधाया खुंट कमी पडत्यात!”

“नेऊन टाक!” महाराज डोळे पुसत म्हणाले. “आणि ठोकायला भुजंगरावालाही ने!”