मडकं कुणी धरायचं?

खैरवाडीच्या भवानराव इनामदाराला अक्कल कमी आणि मिशा जास्त. एके दिवशी त्यानं गावतळ्यावर गडी बसवला आणि दवंडी पिटली, "तळ्यातली माती माझी. कुणी ढेकूळ उचललं तर हात तोडीन."

काशाई कुंभारणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईमाणसानं चाकाला हात लावायचा नाही, म्हणून ती मडकी हातानंच थापून घडवायची. त्याला तळ्याचीच चिवट माती लागते. ओढ्याच्या मातीचं मडकं वाळतानाच तडकतं. माती बंद म्हणजे चूल बंद.

हातावरचा चिखल तसाच ठेवून ती चावडीवर गेली. तक्क्याला रेललेला इनामदार सगळ्या गावासमोर म्हणाला, "माती माझी, म्हणजे तिच्यातून घडलेलं एकूणएक मडकं माझं! कळलं का गं?"

"कळलं की, सरकार! पंचांनो, तुम्हीपण ऐकलंत ना? गावातलं मडकं न् मडकं सरकारांचं. मग उद्यापासून कुणाच्याही दारात तिरडी बांधली की सरकारांना बोलवा. आपलं मडकं त्यांनीच धरावं आणि तिरडीपुढं चालावं."

"काय बरळतेस, भवाने! मडकं मयताचा लेक धरतो!"

"तेच म्हणते मी. बोला सरकार, गावात बाप किती करायचेत?"

चावडी खदखदून हसली. इनामदाराला तोंड लपवायला जागा उरली नाही.

दुपारपर्यंत तळ्यावरचा गडी उठला. काशाईनं पहिलं ढेकूळ उचललं, ते इनामदाराच्या माडीकडं बघत.