‘बरं’ म्हणणारा मेंढपाळ

फार फार पूर्वी, डोंगरातल्या एका राज्यात, घाटाच्या अगदी माथ्यावर एक शुश्रूषाघर होतं. घाटात कुणी घसरलं, कुणाला जनावरानं मारलं, कुणाला ताप भरला, की लोक त्याला उचलून तिथं आणत. एक म्हातारी वैदीण ते चालवी. सगळे तिला आक्का म्हणत. तिच्या हाताखाली चिमा नावाची मुलगी तीन वर्षं रुग्णसेवा शिकत होती.

चिमा हुशार होती, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं तुम्ही तिला उगाच नावं ठेवाल. आक्काचा प्रत्येक नियम तिला तोंडपाठ होता. वाहतं रक्त आधी थांबवावं. म्हाताऱ्या माणसाला ताटकळत ठेवू नये. दुखरं हाड आधी बांधावं, मग बोलावं. मात्र हे नियम एकाच दिवशी एकाच दारातून आत येऊन आपसात भांडू लागतील, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा आक्का पलीकडच्या पाड्यावर बाळंतपणाला गेली होती. भर दुपारी घाटाच्या वळणावर कोतवालाची बैलगाडी उलटली. लोकांनी तिघांना शुश्रूषाघरात आणून सोडलं आणि उधळलेले बैल धरायला ते परत पळाले.

पहिला खुद्द कोतवाल. त्याचं डावं मनगट सुजलं होतं, आवाज मात्र ठणठणीत होता. दुसरी त्याच गाडीतून चाललेली एक कासारीण. तिचं कपाळ फुटून तोंड रक्तानं माखलं होतं, आणि आपण काही आता वाचत नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. तिसरा एक म्हातारा मेंढपाळ. बिचारा रस्त्याच्या कडेला उभा होता आणि गाडी त्याच्या अंगावर आली. तो काळी घोंगडी लपेटून ओसरीच्या खांबाला टेकून बसला.

“बाबा, तुम्हाला कुठं लागलं?” चिमानं त्याला विचारलं.

“बरं हाय, पोरी. त्या बाईचं बघ आधी.”

किती समजूतदार माणूस, असं चिमाला वाटलं. तिनं कासारणीचं कपाळ पुसायला घेतलं. तेवढ्यात कोतवाल ओरडला, “मी कोण आहे, ठाऊक आहे का तुला? माझा हात गेला तर हे घर बंद करीन.”

बोलणाऱ्याची बोरं विकतात, ती अशी. चिमा फडकं टाकून त्याच्याकडे धावली. त्याचा हात हातात घेते न घेते तोच कासारीण म्हणाली, “अगं बाई, माझ्या डोळ्यांपुढं अंधार आला.” चिमा परत तिच्याकडे. मग तिला आठवलं की म्हाताऱ्याला ताटकळत ठेवू नये. ती ओसरीवर गेली.

“बाबा, पाणी देऊ का?”

“बरं.”

तिनं तांब्या भरून त्याच्याजवळ ठेवला आणि आत पळाली. कोतवालाची पट्टी अर्धी बांधून झाली. कासारणीचं कपाळ अर्धं धुऊन झालं. एक ना धड, भाराभर चिंध्या. आपण आत्ता कुणासाठी उठलो होतो, तेच चिमाला मधूनमधून आठवेना. तिला रडू येत होतं, आणि रडायचं तरी कुणाजवळ बसून, हेही तिला कळत नव्हतं.

ती पुन्हा ओसरीवर आली. तांब्या होता तसाच होता.

“पाणी नको का, बाबा?”

“बरं.”

ऐकायला कमी येत असेल, असं तिला वाटलं. एवढ्या उन्हात घोंगडी कशाला लपेटली आहे, असंही क्षणभर वाटलं. पण मेंढपाळाला ऊन काय नि पाऊस काय, घोंगडी असायचीच. तिनं तेवढ्यावर समाधान मानलं आणि कोतवालाच्या हाकेला ओ दिली.

तिसऱ्यांदा ती आली, ती नुसती चौकशी करायला. “बाबा, घरी निरोप धाडायचा का? कुणाला बोलवू?”

“बरं.”

चिमा जायला वळली आणि थबकली. ‘कुणाला’ असं विचारल्यावर ‘बरं’ हे काय उत्तर झालं? आत कोतवाल तिच्या नावानं शंख करत होता. कासारीण देवाचा धावा करत होती. इथं तर कुणीच काही मागत नव्हतं. मग आपला पाय का निघत नाही, हे तिला उमगेना. असा नियम काही तिला पाठ नव्हता.

ती खाली बसली. “बाबा, तुमचं नाव काय?”

“बरं,” म्हातारा पुटपुटला. त्याचे डोळे तिच्याकडे होते, पण तो तिला पाहत नव्हता.

तिनं त्याचा हात धरला. भर दुपारी तो गार आणि ओला लागला. नाडी बोटाखाली भराभर पळत होती आणि मधेच सापडेनाशी होत होती. चिमानं घोंगडी बाजूला केली. गाडीच्या दांडीनं मांडी खोलवर फाटली होती. सगळं रक्त त्या काळ्या लोकरीत मुरलं होतं, म्हणून बाहेर एक डागही दिसला नव्हता.

मग मात्र तिचा गोंधळ संपला. तिनं म्हाताऱ्याला आडवं केलं, फडक्याची घडी जखमेवर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी, सगळा भार टाकून ती दाबून धरली.

“मावशी, कपाळावरचं फडकं तुमचं तुम्हीच दाबा,” ती ओरडली. “आणि कोतवालसाहेब, तुमचा उजवा हात शाबूत आहे ना? इकडे या आणि ह्यांचे पाय उचलून धरा.”

कोतवालाला असा हुकूम जन्मात कुणी सोडला नव्हता. तो इतका चक्रावला, की मुकाट्यानं आला आणि पाय धरून बसला.

आक्का परतली तेव्हाही चिमानं जखमेवरचे हात उचलले नव्हते. आक्कानं जखम शिवली, बांधली. दोन दिवस म्हातारा इकडचा ना तिकडचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आपल्या मेंढरांची चौकशी केली. तो जगला. पण त्या पायात पहिलं बळ काही आलं नाही. घाट चढणं सुटलं, आणि मेंढरं पुतण्याच्या हवाली करावी लागली.

“आक्का, मी त्यांना वाचवलं ना?” घडलेलं सगळं सांगून झाल्यावर चिमानं विचारलं.

“वाचवलंस. पण पाणी नको का विचारल्यावरही तो नुसतं ‘बरं’ म्हणाला, तेव्हा कुठं होतीस?”

“त्यांच्यासमोरच.”

“तेव्हा ऐकलं असतंस, तर थोडं रक्त आणखी राहिलं असतं अंगात,” आक्का म्हणाली. तिनं रागानं सांगितलं नाही, म्हणून चिमाला ते जास्तच लागलं. म्हातारा तिला भेटला की तोंडभर आशीर्वाद देई. तो घ्यावा की मान खाली घालावी, हे तिला पुढं कित्येक वर्षं कळलं नाही. ती मोठी परिचारिका झाली. कितीही आरडाओरडा असो, दारातून आत आलं की ती आधी गप्प बसलेल्याच्या हाताला हात लावी.

तात्पर्य: जो ओरडतो त्याच्यात ओरडण्याइतकं बळ तरी असतं, म्हणून आधी त्याच्याजवळ जावं, ज्याचा आवाज येत नाही.