उजवा कौल

“म्हणजे शेवटी माणसाच्या हातात काहीच नाही… हेच खरं ना, बुवा?”

केसोबुवा मठाच्या ओसरीवर रातांबे फोडत बसले होते. आमसुलं करायचे दिवस. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा भालचंद्र धुरी. मठातला सगळ्यांत हुशार शिष्य, आणि हे सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक. तो गीतेवर बोलू लागला की छताचा पंखासुद्धा मान डोलावतो, असं गावात गमतीनं म्हणत. मठाची पायरी चढला की त्याची घरची मालवणी बाहेर राहायची आणि पुस्तकी मराठी सुरू व्हायची.

“आजच हो प्रश्न कित्याक पडलो?”

“सहज. चिंतन चाललं होतं.”

“वहिनी बरी आसा मा?”



“वहिनी माहेरी गेली. काल.”

“गेली… की धाडलंस?”

भालचंद्रानं उपरण्याचं टोक सारखं केलं. त्याची आई तो पाळण्यात असतानाच गेली होती. त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते या वहिनीनं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. गेल्या वर्षी भाऊ वारला, आणि तेव्हापासून भालचंद्राच्या बायकोला घर लहान वाटू लागलं. रोजची धुसफूस. शेवटी प्रकरण देवळात गेलं.

“मी कोण धाडणारा, बुवा? देवाला कौल लावला. देवानं उजवा दिला.”

त्या भागात अडलंनडलं की देवाला कौल लावतात. गुरव पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौल झाला की मग कोणी चकार शब्द काढत नाही.

“आणि बघा,” भालचंद्र रंगात आला, “कळीसुद्धा आपल्या मर्जीनं पडत नाही. ओल किती, वारा किती, सगळं आधीच ठरलेलं. मग ‘मी ठरवलं’ असं म्हणणं हाच अहंकार नाही का?”

वाक्य चांगलं होतं. येताना वाटेत घोळवलेलं असावं.

“बरोबर बोललंस,” बुवा म्हणाले.

भालचंद्र सुखावला.

“पयलो कौल उजवोच पडलो?”

“…पहिला डावा पडला.”

“मगे?”

“गुरव म्हणाला, गाऱ्हाणं नीट झालं नसेल. पुन्हा लावला.”

“मगे?”

“तोही डावा. कळी जास्त ओली होती.”

“मगे?”

भालचंद्र चिडला. “मगे काय? देवाचं मन नीट कळायला नको? पुन्हा लावला. शेवटी उजवा पडला.”

बुवांनी हातातला रातांबा खाली ठेवला. इतक्या वेळात पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

“उजवो पडल्यावर परत कित्याक नाय लावलंस?”

…

भालचंद्रानं तोंड उघडलं. एरवी जिभेवर बसलेले श्लोक कुठे गेले कोण जाणे. 

“वहिनी थयच होती, बुवा.” पुस्तकी मराठी कधी सुटली, त्याचं त्यालाही कळलं नाही. “मागच्या खांबाक टेकान उभी. पयलो डावो पडलो तेव्हा तिका इतक्या बरा वाटला… माझ्याकडे बघून हसली. आणि मी गुरवाक खुणावलंय, परत लाव म्हणान. ता तिना बघितल्यान.”

भालचंद्रानं मान खाली घातली.

“उजवो पडाच्या आधीच ती घराक गेली. कपडे बांधूक. लाज वाटता माका. माझीच माका लाज वाटता…”

तो रडला. चांगला पोटभर रडला. बुवांनी पाठीवरून हात फिरवला नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं भालचंद्रानं उपरण्यानं डोळे पुसले आणि तो बुवांच्या पायांशी वाकला.

“आता तुमीच सांगा, काय करू. तुमी म्हणशात ता करतंय. आज्ञा करा.”

बुवांनी पाय आखडून घेतले. जागच्या जागी वळून त्याच्याकडे चक्क पाठ केली आणि पुन्हा रातांबे फोडायला लागले.

“बुवा… आज्ञा…”

“आणखी एक देव होयो तुका?”

भालचंद्र तसाच बसून राहिला. जा म्हणणारं कोणी नव्हतं, थांब म्हणणारंही कोणी नव्हतं. असं बसणं त्याला फार जड गेलं. कोणी रागावलं असतं तर त्याला सोपं वाटलं असतं.

मग तो उठला. अंगणात उतरून चपला घातल्या. घराची वाट डावीकडे होती. तो खाडीकडे वळला. पलीकडच्या काठावर वहिनीचं माहेर, आणि धक्क्यावर पलीकडे नेणारी होडी उभी होती.

अंगणाच्या बेड्यापाशी, फाटकातच, त्याचे पाय अडखळले. तो मागे वळला.

“बुवा, ‘घराक चल’ म्हटलंय… आणि ती नको म्हणाली तर?”

बुवांनी मान वळवली नाही.

“तिका एकदाच इचार.”