घडीची सायकल

प्राणी सायकलींवरून बाजाराला जात, त्या काळातली गोष्ट. अस्वलीणबाईंना आपली घडीची सायकल पुरेनाशी झाली, म्हणून त्यांनी ती विकायला काढली. भाव सांगितला मधाची पाच मडकी.

मुंगूसराव आले. "रंग उडालाय, घंटीचा आवाज बसलाय. दोन देतो," म्हणाले आणि मागून हाक येणारच या खात्रीने चालू लागले. अस्वलीणबाई निवांत सायकल पुसत राहिल्या. हाक काही आली नाही. मुंगूसरावांची पावलं मंदावली, बांधापाशी थांबली आणि मुकाट्याने मागे फिरली.

"बरं बाई, पाच तर पाच."

"चारच द्या," अस्वलीणबाई म्हणाल्या. "घडीची बिजागरी ढिली आहे. एवढे दोष काढलेत, पण तिला हात लावून पाहिला नाहीत."