आजीच्या हातचं दही

फार जुन्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात, एक मुलगा आपल्या आईला दर संध्याकाळी एकच प्रश्न विचारायचा. "आई, आपलं दूध अजून विरजायचंय, आणि तू आधी लोकांच्या वाट्या का भरतेस?"

आई हसायची आणि म्हणायची, "वासरू सुटलंय बघ. जा, बांध."

थोरल्या बहिणीला विचारलं तर ती म्हणायची, आईलाच विचार. मुलगा मोठा झाला, पण उत्तर त्याला कुणीच दिलं नाही.

प्रश्न काही खोटा नव्हता. त्या गावात दिवा लागल्यावर कुणी कुणाला विरजण देत नसे. दिलं तर घरातली लक्ष्मी जाते, असं लोक मानायचे. या बाईच्या दारात मात्र नेमक्या त्याच वेळी वाट्या यायच्या. शेजारची कुंभारीण तर वाटी भरून घ्यायची आणि वर टोमणा मारायची, की बाई, अशानं तुझी लक्ष्मी एक दिवस माझ्या घरी राहायला येईल.

"येऊ दे की," आई म्हणायची. "तिला काय पाय मोकळे करावेसे वाटत नसतील?"

तिचं दही कसं होतं, तेही सांगायला हवं. वाटी उपडी केली तरी हलायचं नाही. दुधाची ऊब ती करंगळी बुडवून बघायची. थंडीत आपलं जुनं लुगडं मडक्याला गुंडाळायची आणि स्वतः कुडकुडत झोपायची. वरची साय नातीच्या, म्हणजे थोरलीच्या लेकीच्या, बोटावर, मधलं दही मुलांच्या ताटात. तळाशी उरेल त्यात भरपूर पाणी घालून ती आपल्यापुरतं ताक करायची, आणि ते पिऊन असा ढेकर द्यायची, जणू राजाच्या पंगतीतून उठली.

एका साली गुरांवर रोग पडला. गाई आटल्या. घराघरांतली मडकी पालथी पडली. तेव्हा हिनं डोंगर चढून धनगरांकडून शेळीचं दूध आणलं, रोज थोडं थोडं, आणि तेवढ्यावर विरजण जिवंत ठेवलं. पुढे गाई व्याल्या आणि सारं गाव वाट्या घेऊन तिच्या दारात उभं राहिलं. तिला नावं ठेवणारेही त्यात होते. तिनं सगळ्यांच्या वाट्या भरल्या.

मग एका सकाळी ती उठलीच नाही.

आदल्या संध्याकाळी विरजलेलं मडकं चुलीशेजारी तसंच होतं. दही छान लागलं होतं.

तिच्या धाकट्या मुलानं ते मडकं उचललं, तिच्याच लुगड्यात गुंडाळलं आणि शिंक्यात उंच टांगलं. "हे तिच्या हातचं शेवटचं आहे," तो म्हणाला. "याला कुणी हात लावायचा नाही."

बहिणीनं समजावलं, की यातलं चमचाभर आज दुधात घालू दे, नाहीतर हे नासेल. तो तिच्या अंगावर धावून गेला. तिनं चमचा खाली ठेवला. आई तिचीही गेली होती.

घरात सुतक होतं, चूल बंद होती. शेजारणी भाकरी आणायच्या, आमटी आणायच्या, दहीभात आणायच्या. धाकटा भाकरी कशीबशी गिळायचा आणि दहीभात सरकवून द्यायचा. परक्याचं दही नको, म्हणायचा. बहिणीची लहान लेक तर जेवेनाशीच झाली. आजीचं दही दे, एवढंच म्हणत ती शिंक्याकडे बघत राहायची. त्यानं तिलाही दिलं नाही.

दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला. कावळा समोरच्या उंबरावर बसला होता, पण खाली येईना. धाकट्यानं हात जोडले. बहिणीला अंतर देणार नाही, म्हणाला. भाचीला वाढवीन, गाईला जपेन, म्हणाला. कावळा हलला नाही.

"तिला तिचं दही हवंय," असं म्हणून तो घराकडे धावत सुटला.

त्यानं शिंक्यातून मडकं काढलं, लुगडं सोडलं, झाकण उचललं. आत हिरवी बुरशी होती. वासानं त्याला मान फिरवावी लागली. तो अंगणात येऊन मटकन बसला आणि हंबरडा फोडून रडला. आपल्या हातानंच त्यानं आईचं शेवटचं दही घालवलं होतं.

तेवढ्यात त्याला भाची दिसली. कुंभारणीच्या ओट्यावर बसून ती जेवत होती. कोपरापर्यंत दही ओघळलं होतं.

"मामा, आजीचं दही," ती म्हणाली.

"खोटं बोलू नको."

"ती कशाला खोटं बोलेल?" कुंभारीण म्हणाली. "रोगाच्या साली तुझ्या आईनं वाटी भरली, तेच आमच्याकडे रोज पुढे लागत आलंय. गावात दुसरं दही आहे कुठं? इतके दिवस आम्ही तुझ्या आईचंच दही तुझ्यापुढे ठेवतोय आणि तू सरकवून देतोस, शहाण्या."

त्यानं बोट बुडवून चाखलं. मग वाटी उचलली, नदीवर पळाला आणि पिंडावर दही ठेवलं. तो मागे सरकतो न सरकतो तोच कावळा खाली आला.

सुतक फिटलं. धाकट्यानं लुगडं नदीवर स्वच्छ धुऊन आणलं, मडकं घासलं, कुंभारणीकडून विरजण मागून आणलं. दूध तापवून निवायला ठेवलं, इतक्यात दिवा लागला आणि दारात एक अनोळखी बाई रिकामी वाटी घेऊन उभी राहिली. दिवा बघून ती माघारी वळायला लागली. त्यानं तिला हाक मारली आणि आधी तिची वाटी भरली.

"मामा, आपलं अजून विरजायचंय ना?" भाचीनं विचारलं.

"वासरू सुटलंय बघ," तो म्हणाला.

मग त्यानं दुधात करंगळी बुडवली, उरलेलं विरजण घातलं आणि आईचं लुगडं मडक्याला घट्ट गुंडाळलं.

गेलेल्या माणसाचं देणं झाकून ठेवलं तर नासतं, आणि वाटलं तर घरोघरी जिवंत राहतं.