लई मुरलंय!

“या मद्याला वाईट म्हणालीस, तर तुझ्या बापाचा मळा जप्त!” सोनगिरीचे महाराज रणधवल गरजले.

“आणि खोटं बोललीस, तरी जप्त!” राणीसाहेबांनी पुस्ती जोडली.

झाली ना गोजराची पंचाईत! राजकन्या जन्मली, तेव्हा गोजराच्या बापानं डोंगरावरच्या काळ्या द्राक्षांचा आणि नदीकाठच्या जांभळ्या द्राक्षांचा रस एकत्र करून हे लाल मद्य राजवाड्याच्या तळघरातल्या रांजणात भरलं होतं. मुरू द्यायचं आणि थेट तिच्या लग्नात काढायचं, असं ठरलेलं. आता लग्न दारात आलं, व्याही उद्या येणार, आणि म्हातारपणी बापाच्या तोंडाची चव गेलेली. म्हणून पारख करायला लेक आली होती.

तिनं वाटी उजेडात धरली. रंग डाळिंबी हवा, तो निघाला गुलाबी. घोट जिभेवर घोळवला. मद्यात चक्क पाणी!

तिनं हळूच वर पाहिलं. महाराज छताकडे बघत होते. त्यांच्या कमरेला तळघराची एकुलती एक किल्ली लटकत होती. गोजराच्या जिवात जीव आला.

“राणीसाहेब, लई मुरलंय! असं मुरल्यालं म्या जल्मात चाखलं न्हाई!”

राणीसाहेब हरखल्या. “अगं, काय काय मुरलंय, नीट सांग!”

“डोंगरावरची द्राक्षं मुरल्याती, नदीकाठची मुरल्याती...”

“आणि?”

“आन् थोडं पाणीबी मुरतंय!”

राणीसाहेब ताडकन उठल्या.

“पाणी? कुणी घातलं?”

“जिभंला चव कळती, हात कसा कळंल? त्या किल्लीलाच इचारा!”

राणीसाहेबांची नजर किल्लीवर गेली आणि तिथून सावकाश वर चढली. महाराज असे लाल झाले, की तेवढं लाल ते मद्यही राहिलं नव्हतं.

“सणासुदीला जरा चव बघत होतो,” ते पुटपुटले. मग एकदम ओरडले, कारण चोरी पकडली गेली की राजे लोक ओरडतात. “पण तू मद्याला वाईट म्हणालीस!”

“कुठं म्हनले? द्राक्षं झकास, मुरवण झकास. आन् पाणी तर खुद्द महाराजांच्या हातचं! त्याला वाईट म्हनायची माझी काय छाती?”

राणीसाहेबांना हसू आवरेना. “पण पोरी, उद्या व्याह्यांना काय पाजू?”

“आमच्या घरी माझ्या लग्नाचा रांजण हाय की! त्याला कुलूप न्हाई, म्हणून भरल्याला हाय!”

आता मात्र महाराज पोट धरधरून हसले. “मळा तुझ्या बापाला कायमचा इनाम! आणि तुझा रिकामा रांजण मी स्वतः भरून देईन!”

“भरा की महाराज,” गोजरा म्हणाली. “पर द्राक्षांनी!”