हौसा कासारणीची आमराई

आपल्या आजीच्या आजीनंही जे डोळ्यांनी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत आंबेदरा नावाचं गाव होतं, अजूनही आहे. तिथं हौसा कासारीण बांगड्या भरायला यायची. हात हातात घेतला की बाईच्या मनातलं तिला कळायचं, असं म्हणतात.

एका वर्षी मुलखात मानमोडीची साथ आली. ताप चढायचा, धाप लागायची आणि धडधाकट माणूस मान टाकायचं. लोकांनी गाव सोडलं आणि माळावर लांब लांब झोपड्या घातल्या. कुणी कुणाच्या दारी जाईना. त्यात कुठून तरी बातमी आली, की मानमोडी पोटुशी बाईला आधी धरते. त्या साली गावात पुष्कळ लेकीसुना दोन जिवांच्या होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण बोलायची सोय नव्हती. पोटुशीनं अभद्र बोलू नये, बाळाला लागतं, असं सासवा सांगायच्या. मग त्या गप्प बसायच्या.

त्यांत तुळसा नावाची पहिलटकरीण होती. तिची जाऊ पोटातल्या बाळासकट गेली होती. तेव्हापासून तुळसेला घास गिळवेना, डोळ्याला डोळा लागेना. ती वाळत गेली आणि पोटातलं बाळही हलेनासं झालं. तिची सासू बयजाबाई काही वाईट नव्हती. तिनं नवस बोलले, उतारे टाकले, पण गुण येईना.

अशात हौसा त्यांच्या झोपडीकडं आली आणि लांबच उभी राहिली.

"हौसा, हे बांगड्या भरायचे दिवस नाहीत," बयजाबाई म्हणाली.

"त्यासाठी नाही आले. बयजाक्का, तुमची सून कशाला भिते, विचारलंत का कधी?"

"भलतं विचारू नये."

"मग तिनं ते ठेवायचं कुठं? पोटात जागा बाळापुरतीच आहे."

बयजाबाईनं मागं वळून झोपडीतल्या तुळसेकडं पाहिलं.

हौसा मग झोपडी-झोपडीपुढं लांबून हाका देत गेली. ओढ्याकाठी आमराई होती. तिथं तिनं एकेका पोटुशीला एकेका आंब्याखाली बसवलं, एकीचा श्वास दुसरीला लागणार नाही इतक्या अंतरावर. सासवा आणखी मागं उभ्या राहिल्या. हौसा म्हणाली, "ज्याची धास्ती वाटते ते मोठ्यानं बोला. बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही आणि समजूतही घालायची नाही."

पहिल्यांदा तुळसा बोलली, "मी मरेन असं वाटतं. जाऊबाई रोज आठवतात. त्यांच्या जागी मी नव्हते, म्हणून बरं वाटतं. ते बरं वाटतं ना, त्याचीच मला भीती वाटते."

हौसा एवढंच म्हणाली, "ऐकलं, बाई."

मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. असं म्हणतात, की तेव्हा वारा नसताना आंबे सळसळले, आणि जी बोलली तिच्या झाडाची पानं झरझर गळून पडली. तुळसेचं झाड तर पार उघडं झालं. ती पानांच्या ढिगात बसून राहिली, मग पोटावर हात ठेवून सासूकडं वळून म्हणाली, "आत्याबाई, लाथ मारली यानं. भाकरी आहे का?"

त्या रोज तिथं बसू लागल्या. मानमोडी काही लगेच हटली नाही. त्यांच्यातल्या एकीला तिनं नेलंच. त्या दिवशी तिच्या झाडाकडं बघत सगळ्या रडल्या, पण कुणी एकटी रडली नाही. बाकीच्या सुखरूप बाळंत झाल्या. तुळसेला मुलगी झाली. हौसा डोंगराच्या वाटेनं पुढच्या गावाला गेली, ती परत कुणाला दिसली नाही. त्या चैत्रात आंब्यांना तांबूस नव्हे, एकदम हिरवीगार पालवी फुटली, असं म्हणतात.

आता आंबेदऱ्यात दवाखाना आहे, तपासण्या होतात. तरी सातवा महिना लागला की गर्भारशीला हौसाच्या आमराईत नेतात. ओटी भरायच्या आधी ती बोलते आणि बाकीच्या ऐकतात. गेल्या साली जगदाळ्यांची सून म्हणाली, "मला हे मूल आवडलंच नाही तर?"

तिच्या सासूनं पदर तोंडाशी नेला.

मग म्हणाली, "ऐकलं, बाई."